गजराआक्काची धाकटी

गजराआक्काकडे कुणी हळहळायला आलं की ती त्या माणसाच्या हातात काम द्यायची. एखादी बाई दारात उभी राहून राणीकडे बघायची आणि "अरेरे, काय गं बाई हे" म्हणायची. आक्का लगेच म्हणायची, "हे धरा जरा." मग त्या बाईच्या हातात दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी यायची, नाहीतर राणीचं डोकंच तिच्या मांडीवर यायचं. "मान वर धरा. न्हाईतर ठसका लागतोय तिला. हां, अशी." हळहळायला आलेली बाई अर्धा तास भरवत बसायची. काही बाया परत कधी आल्या नाहीत. काही येत राहिल्या, आणि त्यांचं अरेरे आपोआप बंद झालं.

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात माझीही गाठ अशीच पडली. वडूजपासून आत, आडबाजूला आमचं गाव. आमचं आणि आक्काचं घर शेजारी, मध्ये एक माणूस जाईल एवढी बोळ. भावकीच्या नात्यानं ती माझी थोरली जाऊ लागायची, पण सगळे तिला आक्काच म्हणत. मी ताकाचा तांब्या घेऊन गेले आणि उंबऱ्याशीच उभी राहिले. परक्यासमोर माझं तोंड उघडत नसे. आक्कानं मला खालवर बघितलं.

"अरेरे म्हणणार हायस का?"

मी मान हलवली.

"मग ये आत. हे धर."

तेव्हापासून रोज सकाळी मी राणीची मान धरायला जाऊ लागले.

राणी आक्काची धाकटी, तेव्हा सहा वर्षांची. जन्मताना ती रडली नव्हती. सुईणीनं पालथी धरली, पाणी मारलं, तेव्हा बऱ्याच वेळानं एक बारीक आवाज आला होता. हातपाय काठीसारखे ताठ, मान डगमगायची, बसती केली की कलंडायची. बोलायला गेली की नुसता आवाज निघायचा, आणि आनंद झाला की ती एवढ्या मोठ्यानं ओरडायची की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. थोरली मंगल तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. मधली दोन मुलं राहिली नव्हती. मंगल रोज राणीचे केस विंचरायची, आणि मंगलचा नुसता आवाज कानावर पडला तरी राणी ओरडायची.

पण राणीला होय आणि नाही सांगता यायचं. होय असलं की ती आढ्याकडे बघायची. नाही असलं की ओठ घट्ट मिटायची. हे आक्कानंच शोधून काढलेलं. आक्का तिला सगळं विचारायची. आमटीचा थेंब तिच्या जिभेवर ठेवून म्हणायची, "मीठ घालू का गं अजून?" आणि थांबायची. चुलीवर आमटी उतू गेली तरी चालेल, उत्तर आल्याशिवाय हलायची नाही. मला आधी वाटायचं, मनाचं समाधान करून घेते. मग एक दिवस मी गुपचूप चव घेऊन बघितली. राणीनं ओठ मिटले होते, आणि मीठ खरंच बरोबर होतं.

किल्लारीला भूकंप झाला त्या वर्षी आक्काचे मालक पेन्शनीत घरी आले. ते फौजेत हवालदार होते, आणि घरी आल्यावरही सगळा गाव त्यांना हवालदारच म्हणायचा. त्याआधी ते वर्षाला दोन महिने सुट्टीवर येत, तेव्हा राणीला लांबूनच बघत. कायमचे आल्यावर त्यांनी ठरवलं, पोरीला चालवायचं. रोज सकाळी अंगणात घोंगडं टाकून तिची परेड चालायची. पाय धरून वर, खाली, एक, दोन. बांबूचे दोन आडवे कठडे त्यांनी स्वतः रोवले. राणी दुखून रडायची आणि ते म्हणायचे, "रोने का नहीं. ड्यूटी हाय ही." वर्षभर एक दिवस खाडा केला नाही. आक्का दारात उभी राहून बघायची. तिला ते रडणं ऐकवत नसे, पण बाप पोरीला हात लावतोय, हे तिला मोडायचं नव्हतं.

मग दोघं राणीला घेऊन मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, "ही चालणार नाही. पण हिला सगळं समजतं. हिच्याशी बोलत राहा." हवालदारांच्या ध्यानात पहिलं वाक्य राहिलं आणि आक्काच्या ध्यानात दुसरं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांनी बांबू उपटून काढले. त्यानंतर त्यांनी राणीला हात लावला नाही. सोप्यात तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि रेडिओ ऐकायचे.

आक्काच्या सासूचं वेगळंच होतं. राणी पोटात असताना ग्रहणात आक्कानं विळीवर भाजी चिरली, म्हणून पोर अशी झाली, हे ती येईल त्याला सांगायची. खरं तर त्या दिवशी ग्रहण आहे हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि भाजी चिर म्हणून सांगितलं होतं ते सासूनंच. पुढे एका दिवाळीत सूर्यग्रहण आलं. सकाळची वेळ. गल्लीत एक दार उघडं नव्हतं. पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकून सगळी माणसं आत बसलेली. आणि आक्का विळी घेऊन अंगणात आली. राणीला शेजारी घोंगड्यावर ठेवलं, पुढ्यात वांग्यांची टोपली घेतली.

सासू दाराच्या फटीतून ओरडत होती, "आगं ए, आत ये! पोरीला तरी आत आण!"

"अजून काय व्हायचं ऱ्हायलंय म्हणता, आत्याबाई?" आक्का म्हणाली आणि चिरायला लागली.

मी खिडकीतून बघत होते. ऊन मळकट झालं, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. आक्का मान वर न करता चिरत होती. एकदा विळी बोटाला लागली. तिनं बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं पुढचं वांगं घेतलं. हवालदार आत होते. त्यांनी तिला आत बोलावलंही नाही आणि बाहेर येऊन तिच्याजवळ बसलेही नाहीत. ग्रहण सुटेपर्यंत तिनं टोपलीभर वांगी चिरली. एवढी वांगी त्या घरात कोण खाणार होतं?

नंतर मला म्हणाली, "भ्या वाटलं गं. लय भ्या वाटलं. पर आत जाऊन बसले असते तर म्हातारीचं खरं झालं असतं."

मंगलला विसावं लागलं आणि तिचं लग्न काढलं. खरी परीक्षा तिथून सुरू झाली. पहिली दोन स्थळं आली. पाहुण्यांनी सोप्यात घोंगड्यावर राणी बघितली, पोहे खाल्ले, हसून बोलले, आणि मध्यस्थाकडून निरोप आला की घराण्यात खोट दिसते. उद्या मंगलच्या पोटी तसंच निपजलं तर? मंगल दिसायला उजवी, कामाला वाघीण. पण दोन्हीकडून तेच उत्तर.

बोळीच्या भिंतीला कान लावावा लागत नसे. मला सगळं ऐकू यायचं.

"पुढल्या टायमाला हिला शालनकडं ठेवायचं," हवालदार म्हणाले. शालन म्हणजे मी.

"लपवून किती दिवस लपंल?"

"लगीन हुईस्तवर. मग कळंना का."

"कळल्यावर मंगलीला नांदवतील?"

"अक्षता पडल्यावर कोण परत पाठवतंय! कुणाची टाप हाय?"

 त्या वेळी आक्कानं ऐकलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे गावात तिच्याबद्दल निराळंच बोललं गेलं. तिनं ऐकलं, आणि तीन वेळा स्वतःच्या हातानं राणीला उचलून बोळीतून माझ्या घरात आणून ठेवलं. जाताना वाकून सांगायची, "राणे, वरडू नगंस हां. मंगीचं काम हाय." राणी आढ्याकडे बघायची. दोन वेळा तिनं शब्द पाळला. डोळे दारावर, तोंडातून लाळ गळतेय, पण हूं की चूं नाही. ती दोन्ही स्थळं दुसऱ्याच कारणांनी मोडली.

तिसऱ्या वेळचं स्थळ सांगलीकडचं. उसाचं बागायत, एकुलता मुलगा. पाच-सहा पुरुष, दोन बाया. राणीला मांडीवर घेऊन मी मागच्या खोलीत बसले होते. पलीकडे कुणीतरी नाव विचारलं आणि मंगलनं आपलं नाव सांगितलं.

राणी ओरडली.

मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिचे गरम, ओले ओठ माझ्या तळव्याला लागत होते. ती धडपडत होती आणि मी हात काढला नाही.

पलीकडचं बोलणं थांबलं. "कोण वरडतंय?" पाहुण्यांतल्या कुणीतरी विचारलं.

"शेजारची पोर हाय," हवालदारांचा आवाज आला. "जरा कमी हाय बिचारी."

एवढ्यावर भागलं असतं. पण पाहुणे निघताना त्या दोघी बाया बोळीतून माझ्या दारात आल्या. पुढची मुलाची आई होती. हातात हळदीकुंकवाचा करंडा होता, मंगलला कुंकू लावून आली असणार. तिनं राणीकडे बघितलं आणि मला विचारलं, "तुमची का वो ही?"

मला लग्नाला चार वर्षं होऊन मूल नव्हतं. पलीकडे मंगल कपबशा गोळा करत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी म्हणाले, "व्हय."

राणीनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

त्या बाईला वाटलं, पोर शहाण्यासारखी गप्प झाली. "गुणाची हाय की," ती म्हणाली, वाकून राणीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि गेली.

दुपारी मी आक्काला जे झालं ते सांगितलं. ती राणीचे पाय चेपत होती, ती थांबली.

"व्हट मिटलं?"

"व्हय."

"किती येळ?"

"त्या बाया जाईस्तवर उघडलंच न्हाईत."

 आक्कानं पदराच्या शेवानं राणीचं कपाळ पुसलं आणि आपल्या करंड्यातलं कुंकू आणून तिला लावलं.

आठ दिवसांत होकार आला. घरात सगळ्यांच्या अंगात वारं भरलं. मंगल गाणं गुणगुणत भांडी घासायची. आणि मग एका जेवणाला, राणी तिथंच असताना, हवालदार म्हणाले की लग्नाच्या आठ दिवसांत राणीला मलकापूरला मामाकडे ठेवायचं.

"भनीचं लगीन बगू ने व्हय तिनं?" आक्कानं विचारलं.

"तिला काय कळतंय!"

पितळी आपटल्याचा आवाज माझ्या घरात आला. "मिरजेचा डाक्टर काय म्हणला? सांगा. तुमीबी तिथंच हुता."

 मग हवालदार हळू आवाजात म्हणाले, "मंगलीनं जल्मभर घरात बसायचं का हिच्यापायी? सांग. तूच सांग."

मग आक्का पितळ्या गोळा करत असल्याचा आवाज आला. 

पुढच्या मंगळवारी हवालदार पेन्शनीच्या कामाला पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला गेले. सूर्य वर आला तशी आक्का बोळीतून आली. चांगलं लुगडं नेसलेली, राणीला नवा फ्रॉक घातलेला.

"शालन, लुगडं बदल. जायाचंय."

"कुठं?"

"पाव्हण्यांकडं. सांगून टाकते."

"आवं आक्का, मंगलनं..."

"मंगलीला ठावं न्हाई." तिचा चेहरा दगडासारखा होता. "येतीस का मी एकटी जाऊ?"

मी गेले. मी खोटं बोलले होते, म्हणून गेले.

वडूजहून विटा, विट्याहून पुढची गाडी. दहा वर्षांची पोर कडेवर म्हणजे ज्वारीचं पोतं. गाडीत समोरच्या बाकावरचा एक माणूस टक लावून बघत होता. आक्कानं थोडा वेळ सोसलं. मग राणीचे पाय उचलून सरळ त्याच्या मांडीवर ठेवले. "बगताय तर पाय धरा. आखडल्यात तिचं." तो बिचारा उतरेपर्यंत पाय धरून बसला, आणि उतरताना मला हळूच म्हणाला, "मावशी शाळंत बाई हायेत का?" त्या दिवसात मी तेवढंच एकदा हसले.

पाहुण्यांचं घर मळ्यात होतं. मुलाची आई अंगणात शेंगा निवडत होती. तिनं आधी मला ओळखलं. "आवं, तुमी तर शेजारीण!" मग आक्काकडे बघितलं, आक्काच्या कडेवरच्या राणीकडे बघितलं, आणि तिचा हात सुपातच राहिला.

आक्का बसली नाही. "ही पोर हिची न्हवं," ती म्हणाली. "माझी हाय. मंगलच्या पाठची. आमी तुमास्नी खोटं सांगितलं."

मुलाचा बाप कट्ट्यावरून उठून आला. मुलगाही दारात आला, राणीकडे बघितलं, परत आत गेला.

"मग त्या दिवशी ही बाई..." मुलाची आई माझ्याकडे बघत म्हणाली.

"आमीच तसं बोलाय लावलं. तिचा दोष न्हाई."

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. परक्या पुरुषांपुढे मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले ते हे.

मुलाची आई उठली, राणीपाशी आली. राणीनं तिला ओळखलं आणि आनंदानं ओरडली. ती बाई दचकून मागं सरली. "मी हिला कुंकू लावलं," ती म्हणाली. "दुसऱ्याची म्हणून लावलं. आता तुमची हाय म्हणल्यावर..." 

"म्हणूनच आले," आक्का म्हणाली. "अक्षता पडायच्या आदी."

त्यांनी चहा दिला. आक्कानं बशीत ओतून, फुंकून, आधी राणीला पाजला. ठसका लागला, चहा त्यांच्या सारवलेल्या अंगणात सांडला.  "घरात इचार करून कळवतो," मुलाचा बाप म्हणाला.

येताना गाडीत मी म्हटलं, "चा तर दिला की."

"चा वैऱ्यालाबी देत्यात," आक्का म्हणाली. 

आम्ही पोचलो तर हवालदार आधीच येऊन सोप्यात बसलेले. "कुठं गेलतीस?"

तिनं सांगितलं. सगळं, उभ्या उभ्या. मी बोळीत थिजून उभी. मला वाटलं, आता हात उचलतात. ते उठले, तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"फौजंत असतीस तर गोळी घातली असती तुला."

"घाला की," आक्का म्हणाली. "पर पोरीला आदी खाली ठेवू द्या. हात भरून आल्यात."

हवालदार तसेच बाहेर निघून गेले.

आठव्या दिवशी मध्यस्थ आला. जमणार नाही, एवढंच सांगून पाणीही न पिता गेला. मंगल भिंतीकडे तोंड करून बसली होती. आक्का जवळ गेली तशी ती म्हणाली, "तुला एकच पोर हाय."

चार महिने ती आईशी बोलली नाही. राणीच्या केसांना हात लावला नाही. मंगलचा आवाज आला की राणी ओरडायची, वाट बघायची, पुन्हा ओरडायची. मंगल जात्यावरून उठून विहिरीवर जायची. गावात बोलायला लागले, आईनंच पोरीचं सोनं मातीत घातलं. पाणवठ्यावर आक्का आली की बाया गप्प होत. आणि आक्का, जी येईल त्याच्या हातात वाटी द्यायची, ती आता कुणाला काही सांगेना. आमटीत मीठ अंदाजानंच टाकायची.

एकदा मला म्हणाली, "मी चुकले का गं शालन?"

 तिनं मंगलचं मोडलं हे खरं होतं. पण त्या दिवशी राणीनं ओठ मिटून नाही म्हटलेलं बघणारी मी एकटीच होते. माझ्याकडून उत्तर येत नाही हे बघून ती उठली आणि शेण भरायला गेली.

फिरलं ते असं. शेजारच्या गावात मंगलच्या वर्गातली एक मुलगी दिलेली होती. ती तान्हं मूल घेऊन माहेरी परत आली. तिच्या भावाला फिट येते हे लग्नात लपवलं होतं. दीड वर्षानं सासरी कळलं आणि त्यांनी तिला आणून सोडलं. मूल अंगावर पीत होतं तरी सोडलं. मंगल तिला भेटायला गेली. संध्याकाळी परत आली. फणी घेतली, राणीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि चार महिन्यांनी आईकडे तोंड करून म्हणाली, "तेल दे."

आक्कानं तेलाची बुदली दिली आणि परसात गेली. बराच वेळ आली नाही.

माघात औंधकडचं स्थळ आलं. मुलगा फौजेत, घरी आजी आणि आईबाप. पाहुणे यायच्या आधी आक्का सोप्यात नुसती फिरत होती. राणीला आत ठेवावं की बाहेर, तिलाही ठरवता येईना. शेवटी तिनं राणीला उचललं.

"कुठं नेतीस?" हवालदार म्हणाले.

"न्हाई... कुठं न्हाई."

"हिकडं दे."

आक्का बघतच राहिली. मिरजेहून आल्यापासून त्यांनी पोरीला हात लावला नव्हता. त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि राणीला पुढ्यात घेतलं. त्यांना धरता येत नव्हतं, राणी घसरायला लागली. "मान वर धरा," आक्का हळूच म्हणाली. त्यांनी धरली.

पाहुणे बसले तसे ते म्हणाले, "ही माझी धाकटी. जल्मापासनं अशी हाय. आदी हिला बगा, मग थोरलीला बोलवतो. पटत नसंल तर पोहे खाऊन जावा, आमचा राग न्हाई."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मुलाच्या बापानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आजी तेवढी पुढं सरकली. "बोलती का?"

"बोलती. आमाला समजत न्हाई. तिच्या आईला समजतंय."

आतून मंगलच्या बांगड्या वाजल्या आणि राणी ओरडली. आजी हसली. "आयला, हिलाच घाई लय!"

पण उत्तर लगेच आलं नाही. दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत मी आक्काला बसलेली बघितली नाही. जेवायचीसुद्धा उभ्यानं. अकराव्या दिवशी मुलाचा बाप स्वतः आला आणि सुपारी फोडायची तारीख विचारून गेला.

लग्न वैशाखात झालं. माझ्या मालकांना सांगलीला मार्केट यार्डात काम लागलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बिऱ्हाड हलवणार होतो. नंतरही आक्काच्या आणि माझ्या भेटी झाल्या, पण ती आठवली की माझ्या डोळ्यांपुढं येते ती त्या दिवशीची.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. नवरीबरोबर पाठची बहीण करवली म्हणून चार दिवस सासरी जाते, ही आमच्याकडची रीत. आक्कानं चुलत्याची पोरगी तयार ठेवली होती. तिचं गाठोडं जीपमध्ये चढलं होतं. तेवढ्यात मुलाची आजी काठी टेकत आली.

"ही कोण?"

"करवली," आक्का म्हणाली. "चुलत्याची हाय."

"आन पाठची असताना चुलत्याची कशाला? तिचा मान हाय. घाला तिला गाडीत."

"आवं आजी, तिला... तिला उचलाय लागतंय, भरवाय लागतंय. रातीला कूस बदलाय लागती. तिला माझ्याबिगर..."

"आमच्या घरात काय हात न्हाईत व्हय?"

आक्कानं हवालदारांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. तिनं मंगलकडे बघितलं. मंगल रडून लाल झालेली, पण म्हणाली, "दे आई. मी हाय की."

हवालदारांनीच राणीला उचलून जीपमध्ये मंगलच्या शेजारी, खिडकीजवळ टेकवलं. आक्का खिडकीला धरून सांगायला लागली. पाण्याला घाई करू नका. भाकरी वाईच जास्त कुस्करा. पाय आखडलं तर कोमट त्याल लावा. मंगल हो हो म्हणत होती. सांगून झालं की आक्का पुन्हा पहिल्यापासून सांगायची. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. आजी म्हणाली, "विहीणबाई, सोडा आता खिडकी."

आक्कानं खिडकी सोडली. राणीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. वाजंत्री, माणसं, हलणारी गाडी, सगळ्याकडे बघत ती ओरडत होती. जीप वळणावर गेली तरी आवाज येत होता, मग तो कमी कमी होत गेला.

माणसं पांगली. आक्का रस्त्यात तशीच उभी होती. डावी कंबर बाहेर काढलेली, अंग उजवीकडे कललेलं, डावा हात वळवून छातीशी धरलेला, आणि त्या हातात काहीच नव्हतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "आक्का, चला घरात." ती वळली. दोन पावलं टाकली आणि तोल जाऊन भिंतीला टेकली. "थांब गं जरा," ती म्हणाली. "सरळ चालाय येईना."